‘स्क्रूचे दात’ परवडत नाहीत म्हणून भाकरी सोडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही महिन्यांत वर्तमानपत्रांतून ‘एका दिवसात पक्के दात’ अशा जाहिराती फार वाढल्या आहेत. धुळ्या-जळगावच्या बसस्टँडबाहेरही तसलेच फलक दिसतात. त्या वाचून गल्लीतले, नात्यातले लोक माझ्याकडे येतात, कारण मी उभी हयात धुळ्यात दातांच्या लॅबमध्ये काढली. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: “दादा, स्क्रूच्या दातांना एवढे पैसे लागतात म्हणे. आता काय करायचं?” स्क्रूचे दात म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर चढवलेले दात; डॉक्टर त्यांना इम्प्लांट म्हणतात. आणि पुष्कळांनी उत्तरही मनाशी ठरवलेलं असतं. पैसे नाहीत, म्हणजे दात नाहीत. मग भाकरी वरणात कुस्करायची, कळण्याची भाकरी आणि भरीत समोर आलं की ताट सरकवायचं, लग्नाच्या पंगतीत बट्टी बाजूला ठेवून नुसतं वरण प्यायचं. साठीच्या पुढच्या माणसांनी असं अर्धपोटी उठावं, हे मला बघवत नाही. म्हणून हे पत्र.

मी डॉक्टर नाही. कुणाच्या तोंडात मी कधी काही बसवलं नाही. तो अधिकार नोंदणीकृत दंतवैद्याचा आहे आणि त्याचाच असावा. मी दंततंत्रज्ञ. शिरपूर, साक्री, चोपडा, पारोळा इथल्या दवाखान्यांतून एसटीच्या पार्सलनं मापं, म्हणजे रुग्णांच्या हिरड्या-दातांचे ठसे, यायची. आम्ही त्यांत प्लास्टर ओतून साचा काढायचो, त्यावर मेण लावायचो, दात रचायचो, कवळी शिजवायचो, घासून-पॉलिश करून परत पाठवायचो. सोबतच्या चिठ्ठीवर रुग्णाचं नाव, वय आणि दाताचा रंग, बस्स. माणूस कधी दिसायचा नाही. पण प्लास्टरचा साचा हातात घेतला की बरंच काही कळतं.

सगळ्यात आधी कळतं ते हे, की या माणसानं किती काळ वाट पाहिली. दात पडला किंवा काढला की त्याला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं. पहिल्या काही महिन्यांत ही झीज सर्वांत वेगानं होते, नंतर सावकाश, पण थांबत नाही. सगळे दात गेलेल्या तोंडात खालच्या जबड्याचं हाड वर्षानुवर्षांत वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजतं. म्हणून वरची कवळी बसते आणि खालची हलते, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. काही साच्यांमध्ये खालची हिरडी अगदी धारेसारखी निमुळती झालेली असे. त्यावर कितीही मन लावून काम केलं तरी कवळीला बसायला जागाच उरलेली नसते. एखादीच दाढ गेलेली असेल तर साचा दुसरंच सांगतो. शेजारचा दात मोकळ्या जागेत कललेला दिसतो, समोरच्या जबड्यातला दात खाली उतरलेला दिसतो. मग त्या जागी नवा दात बसवायला उंचीही उरत नाही आणि रुंदीही. त्यामुळे दात काढताना घाव भरला की पुढे काय करायचं, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. ‘बघू दिवाळीनंतर’ असं करत गेलं की सोपे मार्ग एकेक करून बंद होतात.

इथंच दुसरी गोष्ट सांगितली पाहिजे, जी कुठल्याच जाहिरातीत नसते. प्रत्येक रिकामी जागा भरलीच पाहिजे असं नाही. समोरचे दात आणि त्यांच्यामागच्या लहान दाढा वर-खाली शाबूत असतील, तर शेवटच्या मोठ्या दाढा नसतानाही पुष्कळांचं चावणं चांगलं चालतं. नेदरलँडमधल्या दंतवैद्यांनी १९८० च्या दशकात याचा नीट अभ्यास केला आणि आज तो जगभर मानला जातो. कुणी सरसकट ‘सगळं भरून घ्या’ म्हणत असेल, तर का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आता जागा भरायचीच असेल तर. एक-दोन दात गेलेले असतील आणि दोन्ही बाजूंना भक्कम दात उभे असतील, तर ब्रिज होतो. शेजारचे दोन दात घासून बारीक करतात, त्यांच्यावर कॅप चढवतात आणि मधला खोटा दात त्या दोघांना जोडलेला असतो. दोन-तीन आठवड्यांत काम संपतं, काढघाल नाही. शेजारच्या दातांना आधीच मोठं सिमेंट भरलेलं असेल किंवा रूट कॅनल झालेलं असेल, तर त्यांना तसंही कॅप लागणारच होतं. तिथं ब्रिज उत्तम. पण शेजारचे दोन्ही दात निरोगी, कोरे असतील तर ते घासताना दहादा विचार करावा, कारण घासलेला दात परत येत नाही. ब्रिजच्या खालून रोज खास दोरा किंवा बारीक ब्रश फिरवावा लागतो. तो फिरवला नाही तर आधाराचा दात कॅपच्या आत कुजतो आणि मग एकाऐवजी तीन दातांची जागा रिकामी होते. सांभाळला तर ब्रिज दहा-पंधरा वर्षं सहज जातो.

बरेच दात गेले असतील, काही उरले असतील, तर काढघाल करायची अर्धी कवळी. साधी अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे कडक प्लास्टिकची, तारेच्या आकड्यांची, सर्वांत स्वस्त असते. कोबाल्ट-क्रोमियम धातूच्या सांगाड्याची थोडी महाग पडते, पण पातळ, मजबूत, आणि तिचा भार हिरडीबरोबर उरलेल्या दातांवरही येतो. मला विचाराल तर मागच्या दाढा गेलेल्यांना हीच सर्वांत हिताची. हल्ली लवचिक, गुलाबी, तार न दिसणारी कवळी लोक मागतात. ती दिसायला छान आणि तोंडाला हलकी असते, हे खरं. पण हिरडी झिजली की तिला आतून नवा थर देणं अवघड, आणि तुटली तर दुरुस्ती बहुधा होत नाही. ही गोष्ट घेण्याआधी सांगितली जावी, एवढंच माझं म्हणणं.

आता ज्यांचे सगळेच दात गेले आहेत, त्यांच्याविषयी. खरं म्हणजे हे पत्र मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

पूर्ण कवळीला आज लोक गरिबाची सोय समजतात. मी या कामाची बारकाई जवळून पाहिली आहे, म्हणून ठासून सांगतो: नीट बनवलेली कवळी ही मानाची वस्तू आहे. ती घाईत होत नाही. पहिलं माप घेतात, त्यावरून खास त्या माणसासाठी माप घ्यायचा ट्रे बनतो, त्या ट्रेनं दुसरं, बारीक माप घेतात. मग मेणाचे बांध तोंडात घालून दोन्ही जबडे कुठे आणि किती उंचीवर मिटतात ते ठरवतात. त्यानंतर मेणात दात रचून ट्रायल होते. ही ट्रायल म्हणजे तुमची शेवटची संधी. तिथं लाजू नका. मोठ्यानं बोला, हसा, आरशात बघा, घरातलं माणूस सोबत न्या. ओठ फुगलेला वाटतो का, दात जास्त दिसतात का, ‘फ’ आणि ‘स’ नीट येतात का, ते पाहा. मेण असेपर्यंत एकेक दात हलवता येतो. अ‍ॅक्रिलिक शिजल्यावर नाही. कित्येक वेळा ट्रायल गाळून ‘डायरेक्ट करून पाठवा’ अशी चिठ्ठी लॅबमध्ये यायची. रुग्णाला एक खेप वाचवायची असते, दवाखान्यालाही घाई असते. त्या कवळ्या परत यायच्या. शिजवण्यातही घाई चालत नाही. तापमान सावकाश वाढवावं लागतं. एकदम उकळलं की आत बुडबुडे राहतात, कच्चं रसायन राहतं आणि त्यानं तोंडाची आग होते. म्हणून ‘उद्याच पाहिजे’ असा हट्ट कुणी करू नये.

कवळी बसल्यावरचे पहिले काही आठवडे कठीण असतात आणि हे आधी कुणी सांगत नाही. पारोळ्याची माझी मोठी बहीण जन्मभर दादर ज्वारीची भाकरी खाल्लेली. तिला एका ठिकाणी एवढे इम्प्लांट सांगितले होते, की सुरतला कामाला असलेला तिचा मुलगा कर्ज काढायला निघाला होता. शेवटी साधी पूर्ण कवळी केली. पहिल्या दिवशी ती म्हणाली, “मना तोंडमा दगड ठेवेल शे असं लागस.” कवळी डब्यात गेली. मी तिच्याकडे जाऊन बसलो आणि तिला खायला शिकवलं. हो, शिकावं लागतं. समोरच्या दातांनी तोडायचं नाही, कारण त्यानं कवळी मागून उचलते. घास लहान घ्यायचा आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चावायचा. आधी मऊ खिचडी, मग वरणात भिजवलेली भाकरी, मग ताज्या भाकरीचा पापुद्रा. खालची कवळी जिभेनं आणि गालांनी धरून ठेवायची असते. ती सवय मोठ्यानं पोथी वाचल्यानं लवकर लागते, असा माझा अनुभव. कुठे टोचलं तर घरी कानशीनं घासायची नाही, दवाखान्यात जायचं. दोन-तीनदा घासून घ्यावी लागली तर त्यात गैर काही नाही. कवळीचा जोर मूळ दातांच्या चौथ्या हिश्श्याएवढाही नसतो, हेही मान्य करायला हवं. ऊस सोलता येणार नाही. पण माझी बहीण आज भाकरी खाते, शेवभाजीतली शेव खाते, आणि चारचौघांत तोंडावर पदर न धरता बोलते.

सांभाळायचे नियम थोडेच. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची, हिरडीला विश्रांती मिळते. रात्रंदिवस तशीच ठेवली तर टाळूवर बुरशी धरते, तोंड लाल होतं. गरम पाण्यात कधी टाकायची नाही, वाकडी होते. टूथपेस्टनं ओरखडे पडतात, साधा साबण आणि मऊ ब्रश पुरे. खाली पाण्यानं भरलेलं घमेलं ठेवून धुवायची, हातातून सुटली तरी फुटणार नाही. तुटली तर झटपट चिकटणाऱ्या गोंदानं जोडायची नाही. दोन्ही तुकडे जपून आणा, लॅबमध्ये ती एका दिवसात जुळते. आणि काही वर्षांनी ढिली झाली तर ती वाईट होती असं नाही, हाड झिजलेलं असतं. आतून नवा थर देता येतो.

इम्प्लांटला माझा विरोध मुळीच नाही. टायटॅनियमशी हाड घट्ट जुळतं, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांच्या हाडांवर काम करताना लक्षात आलं, आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात तसे स्क्रू बसवले. दंतवैद्यकातली ही फार मोठी देणगी आहे. शेजारच्या दातांना हात लावावा लागत नाही, जोर मूळ दातासारखा येतो. पण हाड जुळायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. ‘एका दिवसात’ जे दात देतात, ते निवडक तोंडांतच देता येतात आणि बहुधा तात्पुरते असतात; पक्के नंतर होतात. जाहिरातीत हे वाक्य नसतं. साखर आटोक्यात नसेल, तंबाखू चालू असेल, तर इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. हाडं ठिसूळ होतात म्हणून काही विशिष्ट औषधं चालू असतील, तर ती दंतवैद्याला सांगायलाच हवीत, कारण त्यांच्यामुळे जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. आणि एका इम्प्लांटला वरच्या दातासकट आमच्या भागात वीस-पंचवीस हजारांपासून पुढे लागतात, पूर्ण कवळीची जोडी त्याच्या कितीतरी कमी पैशांत होते.

या दोहोंच्या मधला एक मार्ग आहे आणि तो लोकांना माहीतच नाही. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला फक्त दोन इम्प्लांट बसवायचे आणि कवळी त्यांवर बटणासारखी अडकवायची. खायला बसलं की हलत नाही, रात्री काढून धुता येते. कॅनडात मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी तर सगळे दात गेलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय समजावा, असं म्हटलं. ज्या घरात थोडी ऐपत आहे आणि खालची कवळी काही केल्या टिकत नाही, त्यांनी सहा-आठ इम्प्लांटचा आकडा ऐकून घाबरण्याआधी या दोनांविषयी विचारावं.

गुटख्याबद्दल दोन वाक्यं लिहिल्याशिवाय राहवत नाही. राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी साच्यांमध्ये त्याचे परिणाम आम्हाला दिसत राहिले. सुपारी-गुटख्यानं ज्यांचं तोंड आखडतं, दोन बोटंही आत जात नाहीत, त्यांच्या तोंडात मापाचा ट्रेच जात नाही. त्यांना ना कवळी, ना ब्रिज, ना इम्प्लांट. तिशीतल्या पोरांची अशी अर्धवट मापं पाहून आम्ही लॅबमध्ये गप्प होत असू.

आणि आठवडे बाजारात बसून ताबडतोब दात चिकटवून देणाऱ्यांकडे कृपा करून जाऊ नका. ते कडक होणारं अ‍ॅक्रिलिक थेट हिरडीवर आणि शेजारच्या दातांवर थापतात. त्याखाली अन्न साचतं, वर्ष-दोन वर्षांत धडधाकट शेजारीही हलायला लागतात. कवळी टाळूला धरून राहावी म्हणून काही ठिकाणी मधोमध रबराची चकती बसवत. तिनं टाळूला भोक पडल्याची उदाहरणं दंतवैद्यकात नोंदलेली आहेत. त्या बाजारात बसणाऱ्यांवर मी रागावत नाही. लोक त्यांच्याकडे जातात, कारण तालुक्याला सरकारी दवाखान्यात दात काढून मिळतो, बसवून मिळत नाही.

माझी खरी मागणी इथून सुरू होते. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत, जी २०१७ पासून आहे, दारिद्र्यरेषेखालच्या किंवा कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना द्यायच्या साधनांमध्ये काठी, वॉकर, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र आणि चष्म्याबरोबर कवळीही आहे. आपल्या राज्यानं २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. ६५ पूर्ण झालेल्या आणि वर्षाला दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांच्या खात्यात साधनं घेण्यासाठी एकदाच ३ हजार रुपये जमा होतात. त्यात चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, कंबरेचा पट्टा, मानेचा पट्टा यांची नावं आहेत. कवळीचं नाव नाही. गुडघ्याला पट्टा हवा हे सरकारला सुचतं, तोंडात दात हवेत हे का सुचू नये? ते नाव त्या यादीत स्पष्ट शब्दांत घालावं.

दुसरं, जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात कवळीची छोटी लॅब आणि एक तंत्रज्ञ असावा. याला फार मोठं यंत्र लागत नाही. प्लास्टर, मेण, फ्लास्क (कवळी शिजवायची धातूची पेटी), दाबयंत्र, पाणी तापवायची टाकी, पॉलिशची मोटार आणि काम जाणणारे दोन हात. एवढ्यात महिन्याकाठी कितीतरी म्हाताऱ्या माणसांचं जेवण सुरू होईल. धुळ्याला साक्री रोडवर दंत महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय आहे. तिथं शिकणाऱ्या मुलांच्या हातून कमी खर्चात चांगली कवळी मिळते, हे जवळपासच्यांनी जरूर ध्यानात घ्यावं. पण धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरची आजी पाच-सहा खेपा तिथं कशी घालणार? तिच्यासाठी माप घ्यायचा दिवस तालुक्यालाच असावा, साचे एसटीनं नंदुरबारला जावेत, आणि ट्रायलला व बसवायला डॉक्टरांनी पुन्हा तालुक्यालाच यावं. आमच्या लॅबचं अख्खं काम एसटीच्या पार्सलवर चाललं, तेव्हा हे होण्यासारखं आहे.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. दातांच्या जाहिराती छापता त्याच पानावर महिन्यातून एकदा दंतवैद्याचं सदर द्या, त्यात कवळी, ब्रिज, इम्प्लांट आणि ‘काहीच न करणं’ यांचे खर्च आणि मर्यादा साध्या भाषेत येऊ द्या. वाचकांना विनंती ही, की दवाखान्यात तुमच्या तोंडाला लागू पडणारे सगळे पर्याय, प्रत्येकाचा खर्च आणि पुढची देखभाल एका कागदावर लिहून मागा. चांगला डॉक्टर ते आनंदानं देतो. आणि केंद्राच्या वयोश्री योजनेचं तपासणी शिबिर गावाजवळ लागलं तर आधार कार्ड, उत्पन्नाचा किंवा पिवळ्या रेशनकार्डाचा पुरावा घेऊन जा, आणि काठी-चष्म्याबरोबर कवळी हवी हे नाव घेऊन सांगा, म्हणजे ती अर्जात लिहिली जाईल.

आपला,
एक निवृत्त दंततंत्रज्ञ
अमळनेर, जि. जळगाव